निळ्या उजेडातली भिंत

१४ नोव्हेंबर, सीवूड्स
"सोबत कोण?" काउंटरवरच्या बाईंनी आज पुन्हा विचारले. कोलोनोस्कोपीसाठी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीसाठी, भूल हवी असेल तर घरचे माणूस हवे — नियमच आहे. शौचावाटे रक्त गेल्याचे मी कुणालाही सांगितलेले नाही. माझ्यासोबत खोलीवर राहणारी भावना हेडफोन लावूनच येते. अश्विनदादा कळंबोलीत, जवळच. पण आईची हीच तपासणी त्याने करून आणली होती. "आतून एकदम स्वच्छ," असे सांगितले गेले. वर्षभरात आतड्याच्या कर्करोगाने ती गेली. तेव्हापासून तो दवाखान्याची पायरी चढत नाही. त्याला कसे बोलवू?
"भुलीशिवाय करा," मी म्हणाले.
"दुखतं हां. एखादी मैत्रीण तरी बघा ना."

१६ नोव्हेंबर
पोट साफ करण्याचे औषध. खारट. संडासाच्या फेऱ्या. "काय खाल्लंस गं?" — भावना, एक कान मोकळा करून. "बाहेरचं," मी म्हणाले.

१७ नोव्हेंबर
झाली. दुखले. पण जागी होते म्हणून पडदा दिसला. शाळेच्या पुस्तकात मोठे आतडे म्हणजे वळणदार नळी. बाण काढून नाव लिहिले की एक गुण. प्रत्यक्षात ते ओले, गुलाबी — आणि माझे.
एकाएकी पडद्यावर हिरवी चौकट उमटली. आत मला काहीच दिसेना. डॉक्टर म्हणाल्या, "संगणकाला शंका आली. थांब, उजेड बदलते." निळा उजेड पडला आणि त्याच भिंतीवर एक चपटी, तपकिरी वाढ उठून दिसली. तारेच्या फासाने त्यांनी ती तिथेच काढली.
"साध्या उजेडात ही सुटली असती?"
"सुटते. नजर चांगली असली तरी सुटते."
गोजरा सिस्टरने माझा हात घट्ट धरला. तिला वाटले, मी दुखल्यामुळे रडते आहे.

२४ नोव्हेंबर
अहवाल आला. कर्करोग नाही; पुढे झाला असता. "भावंडं आहेत? त्यांनीही करून घ्यायला हवी."

३० नोव्हेंबर
कळंबोली. दादाच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात. "तपासणी करून घे, आता संगणकही बघतो," मी म्हणाले. "मशीनला काय कळतंय? आईचं पन स्वच्छच होतं ना."
अहवालातली दोन छायाचित्रे मी टेबलावर ठेवली — जागा एकच, उजेड दोन. त्याने पहिले पाहिले, दुसरे पाहिले. मग पहिल्यावर बोट फिरवून ती वाढ शोधत राहिला. सापडली नाही.
"हे कुनाचं?"
"माझं."
त्याने दोन्ही छायाचित्रे माझ्याकडे सरकवली.
"एकटी गेलतीस?" एवढेच म्हणाला.

१२ डिसेंबर
तेच काउंटर, त्याच बाई. "सोबत कोण?"
मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "बहीण हाय."