चाळिसावी ओळ

३ ऑगस्ट
नंदूचा लॅपटॉप गेला. दादरच्या दुरुस्तीवाल्याने निघालं तेवढं पेनड्राइव्हवर घालून दिलं. "ताई, सगळं आलंय असं धरून चालू नका." आता बाबांचं काय? गळ्याच्या ऑपरेशनपासून त्यांना आवाज नाही, आणि आईची नजर गेलेली, म्हणजे लिहून दाखवायचीही सोय नाही. नंदूने, माझ्या भावाने, त्यांच्यासाठी प्रोग्राम केला होता. बटण दाबलं की लॅपटॉप बोलायचा, नंदूच्याच आवाजात, मालवणीत. नंदू जाऊन सहा महिने होतील. दिवसभर मी ऑफिसात, घरात ही दोघंच.

४ ऑगस्ट
फायली माझ्या लॅपटॉपवर घेतल्या. डबल क्लिक केलं की काळी खिडकी उघडते नि लगेच मिटते. बाबा पेल्यावर चमचा वाजवून आईला बोलावतात. खाली मंडपाचे बांबू ठोकतायत, तिला कुठलं ऐकू येतंय. वैताग.

६ ऑगस्ट
फाइल वर्डमध्ये उघडली. एक ओळ चुकून पुसली गेली, परत टाइप केली, सेव्ह. आणखी बिघडलं. आमच्या आयटीतल्या फर्नांडिसबाई: "कोड वर्डमध्ये कोण उघडतं गं? ते अवतरणचिन्हं वाकडी करतं, मशीनला ती चालत नाहीत. नोटपॅड घे." पेनड्राइव्हवर मूळ प्रत होती म्हणून वाचले.

९ ऑगस्ट, रवि.
नोटपॅडमध्ये वाचतेय. डोळे दुखतात, पण थोडं थोडं कळतं. # लावलेली ओळ मशीन सोडून देतं, ती माणसांसाठी. नंदूने तिथे लिहिलंय: baba don da dablet tar ugi_rav. फ.बाईंना फोटो पाठवला. त्यांचा फोन, "हा उगी राव कोण? त्यालाच विचार ना." किती दिवसांनी हसले. उगी रव. गप्प राहा. दोनदा दाबलं की आवाज बंद, एवढंच.

१२ ऑगस्ट
खिडकी मिटू न देण्याची युक्ती फ.बाईंनी सांगितली. आता तिच्यात दिसतं, ओळ ४०: page.wav सापडत नाही. "कुठल्यातरी वेबपेजचं असेल. पुढे # लाव आणि विसर." लावलं.

१३ ऑगस्ट
चाललं. बाबांनी पाणी मागायचं बटण दाबलं नि नंदू म्हणाला, "गो, वायच पाणी हाड." आई कोथिंबीर निवडत होती. हात थांबले. मला वाटलं, बंद कर म्हणेल.
"वायच मोठो कर," म्हणाली.
मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

१४ ऑगस्ट
पाणी, औषध, पंखा, सगळं बोलतं. बाबा मात्र सारखे P दाबतात. सकाळची खिचडी तशीच परत सरकवली. म्हटलं, बाबा, ते चाळिसाव्या ओळीचं बटण, कामाचं नव्हतं, काढलंय. त्यांनी परत P दाबलं. चिडले मी. उगाच.

१५ ऑगस्ट
सुट्टी. तांदूळ धुत होते. आई: "आज तुझ्या बाबांका पेज करूया? हल्ली मागनत नाय ते."
पेज. page. P.
मी नि फ.बाई, दोघी शहाण्या इंग्रजी वाचत बसलो. ऑपरेशननंतर बाबांच्या घशाखाली नीट उतरतं ते तेवढंच, आणि मी रोज खिचडी ठेवून पळते. # काढून चालायचं नाही, आवाजाची फाइल हवी. ती नंदूच्या लॅपटॉपच्या बिघडलेल्या डिस्कवर.

१७ ऑगस्ट
डिस्क दुरुस्तीवाल्याकडे दिली. तो बाहेर पाठवणार. "मिळेल, न मिळेल." फ.बाई म्हणतात, तूच तुझ्या आवाजात भर, दोन मिनिटांचं काम. बाबांना विचारलं. हात हलवून नको म्हणाले. मला तरी कुठे करायचंय.

२० ऑगस्ट
सकाळी चप्पल घालत होते. बाबांनी P दाबलं. बटणाचा टक, बाकी काही नाही. आतून आई, "हाडतंय, हाडतंय. गरम आसा, वायच थांबा."
"तुला कसं कळलं?"
"बाकीची सगळी बटणां बोलतत. जा बोलना नाय ता पेजेचा."
दुकानातून फोन नाही. ओळ ४० पुढचं # तसंच आहे.