बायको म्हटलं म्हणून

अमरावती. कार्तिक व. ४, शके १७८६

कंबर आजही धरलेली. चुलीपुढून उठताना भिंतीला हात लावावा लागतो.

दुपारी दादाची हाक आली, "वेणू, मागच्या ओसरीवर एक बाई बसवली आहे. काय म्हणते ते विचारून घे." नेहमीचंच. बायका वकिलापुढे अर्धं बोलतात, अर्धं गिळतात. गिळलेलं माझ्याकडे येऊन बोलतात आणि मी ते दादाला सांगते. माझं डोकं भादरलेलं, अंगावर विधवेचं आलवण. माझ्यापुढे लाजायचं कुणाला काय कारण?

ही गिरजा. कुणब्याची, तिशीच्या आतली. सासर अकोल्याकडे, माहेर बडनेऱ्याजवळ, म्हणून इकडचा वकील धरला. नवरा जाऊन चार पावसाळे झाले. पदरी एक मुलगी, तानी. नवऱ्याचं काळ्या मातीचं वावर हिच्या नावावर आहे. दीर संपत, त्याने अकोल्याच्या कचेरीत दावा लावला आहे की गिरजेने महादू नावाच्या गड्याशी पाट लावला, दुसरं घर केलं, आता भावाच्या वावरावर तिचा हक्क नाही.

"वावर पडीत होतं तवा दीर बांधावर बी आला नाही बाई. आता कापसाले भाव आला तं त्याले भाऊ आठवला."

विचारलं, पाट लावलास का? डोळे खाली. "नाही."

दादाला तेवढंच सांगितलं.

कार्तिक व. ५

गि. पुन्हा आली. आज दादाने स्वतः समजावलं, मी दाराआडून ऐकत होते. म्हणाला, "विधवेनं पुन्हा लग्न करावं, त्याला सरकारची ना नाही. पण केलं की पहिल्या नवऱ्याची मिळकत सुटते. तुमच्या जातीचा रिवाजही तोच. तेव्हा पाट नाही असंच सांगायचं."

"अन् महादू घरी राह्यते त्याचं?"

दादा घसा खाकरत राहिला. मग म्हणाला, "राहतो तर राहतो म्हण. त्यानं वावर जात नाही. लग्नानं जातं."

ती म्हणाली, "म्हंजे वकीलबाबा, रांड म्हनून राह्यली तं वावर माहं, अन् बायको म्हनून राह्यली तं दिराचं?"

दादाने पानाचं तबक पुढे ओढलं.

कार्तिक व. ८

रस्त्यावर गाड्याच गाड्या, सगळ्या कापसाच्या. अंगणात पापड वाळत टाकले तर त्यावरही कापसाचे पुंजके. ज्याला त्याला म्हणे पैसा मिळतो आहे. आमच्याकडे फक्त दावे वाढले. जमीन महाग झाली की घराघरातल्या विधवा आठवतात, हे दादाचं म्हणणं.

न्हावी येऊन गेला. डोकं गार पडलं आहे.

हा विधवांच्या लग्नाचा कायदा आला तेव्हा मी पंचविशीत. दादा तेव्हा नवी नवी वकिली शिकत होता, वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचून दाखवला. बाबांनी सगळं ऐकलं, "चांगला आहे" म्हणाले आणि संध्येला बसले. त्यावर घरात पुढे कुणी बोललं नाही. मीही नाही.

मार्गशीर्ष शु. ३

वेचणी अर्धी टाकून गि. आली. बोटं बोंडांनी ओरबाडलेली. कागदावर अंगठा द्यायचा होता. ते झाल्यावर मागे आली, पाणी मागितलं, मी वरून ओंजळीत ओतलं. पिऊन झालं तरी ओंजळ तशीच धरून बसली.

"बाई, खोटं बोलली मी. पाट लावला हाय. वैशाखात. अचलपूरले त्याच्या आत्याच्या घरी."

मी म्हटलं, कुणी पाहिलं?

"आत्या हाय, जोशी हाय. जोशी मरून गेला श्रावनात." मग म्हणाली, "मले तसंच राह्यता आलं असतं. महादूच म्हने का नाही, तुले लोक काही म्हनतीन तं मले चालनार नाही."

आत्या काय सांगेल, विचारलं. "आत्या महादूचीच हाय."

संध्याकाळी दादा, "काही बोलली का आणखी?"

मी म्हटलं, नाही.

चूक का बरोबर, त्याचा विचार करायला आज अंगात त्राण नाही. दादाला कळलं तर तो दावा सोडेल. तो सरळ माणूस आहे. सरळपणा त्याला परवडतो.

अकोला. मार्गशीर्ष व. २

गाडीत हाडं खिळखिळी झाली. दादाला परक्या हातचं चालत नाही म्हणून मला आणलं आहे. मोर्णेच्या काठी एका ओळखीच्यांच्या परसातली खोली. चुलीला धूर फार.

आज गिरजेची जबानी झाली. दादाने येऊन सांगितलं. साहेबाने दुभाष्यामार्फत विचारलं. शपथ घातली. पाट लावलास? नाही. महादू तुझा कोण? म्हणाली, "वावरातला गडी." घरात राहतो? "राह्यते." संपतच्या वकिलाने आणखी खोदलं. कुठे निजतो, बांगड्या कुणी भरल्या, हे सगळं भरल्या कचेरीत. लोक हसले. दादाही सांगताना माझ्याकडे बघत नव्हता.

ती मात्र उभी राहिली म्हणे, एकदाही रडली नाही. दादाला त्याचं कौतुक. मला वाटलं, रडायला तरी कुठे जागा होती.

मार्गशीर्ष व. ३

सगळं फिसकटलं.

आज महादूला बोलावलं. एवढंच म्हणायचं होतं की मी गडी आहे, वाटल्यास बाई ठेवली आहे म्हण. पुरुषाला त्यात कमीपणा कसला! दादाने सकाळी त्याला दोनदा घोकवलं. त्याने मान डोलावली.

उभा राहिल्यावर संपतचा वकील म्हणाला, "ही बाई तुझी ठेवलेली आहे ना?" सगळे हसायला लागले. महादूने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सायेब, म्या इच्यासंगं पाट लावला हाय. बायको हाय माही. ठेवलेली मनाले माही जीभ वळत नाही."

झालं.

दादा आला तो पागोटं काढून बसला. जेवला नाही. मला म्हणाला, "तुला ठाऊक होतं." विचारलं नाही, म्हणाला. मी ताट झाकून ठेवलं.

मार्गशीर्ष व. ४

गि. परसात आली. महादू कुंपणाबाहेर उभा. उंच, खांद्यात वाकलेला माणूस. आत यायचं धाडस नाही.

"त्याले काय गेलं खरं बोलाले? वावर माहं गेलं. शपत माही खोटी पडली. आता सायेब मले तुरुंगात टाकीन का?"

मी म्हटलं, दादा बोलला आहे साहेबांशी, ते होणार नाही बहुतेक.

"म्या भर कचेरीत त्याले गडी म्हटलं. दिवसभर ऐकून घेतलं लोकाइचं. काहून? वावरासाठी, तानीसाठी. अन् यानं एका बोलात..." पदराने तोंड पुसलं. मग एकदम, "पन बाई, साऱ्या कचेरीत त्यानं मले बायको म्हटलं."

रागाने म्हणाली की कशाने, मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं.

जाताना तो पुढे आणि ती बरंच अंतर ठेवून मागे.

अमरावती. पौष शु. ९

निकाल आला. पाट शाबीत, गिरजेचा हक्क संपला. पण दादाने एक मुद्दा लावून धरला होता तो टिकला. दोघे भाऊ वेगळे निघालेले होते, चूल वेगळी, वाटणी झालेली. तेव्हा विधवेनंतर वावर भावाकडे जात नाही, मुलीकडे जातं. वावर तानीचं.

दादा खुशीत. वहिनीला म्हणाला, आज काहीतरी गोड कर. म्हणजे मी करायचं. शिरा केला.

चांगलं झालं. का कोण जाणे, हाताला उल्हास नाही.

पौष व. ६

उल्हास का नव्हता ते आज समजलं. संपतने अर्ज दिला आहे. आईने दुसरं घर केलं, तेव्हा मुलीचा सांभाळ बापाकडच्या माणसांनी करायचा. मुलगी माझ्या हवाली करा. कायद्यात तसंही कलम आहे म्हणे. दादा पुस्तक उघडून बराच वेळ बसला होता.

माघात लग्नं आहेत. संपतच्या बायकोला भाऊ आहे, त्याचा मुलगा उजवायचा आहे. गावात तानीसाठी बोलणी झाल्याची बातमी महादूने आणली.

म्हणजे आधी वावर हवं होतं, आता वावरासकट पोर.

मी दादाला विचारलं, हा कायदा ज्यांनी केला ते विधवेचं भलं करायला निघाले होते ना? म्हणाला, "वेणू, एकदम सगळं होत नाही." खरं असेल. मला थकवा येतो ऐकून.

पौष व. १०

गिरजा तानीला घेऊनच आली. संपतची माणसं दोनदा दारात येऊन गेली, गावात ठेवायची भीती वाटते. महादू बैलांपाशी बसून होता.

पोर दहा-अकराची. कृश. ओसरीच्या खांबाला पाठ लावून बसली, कुणाशी बोलेना. ज्वारीची भाकरी दिली ती खाल्ली.

दादाचं म्हणणं, निकाल लागेपर्यंत मुलगी ना आईकडे ना चुलत्याकडे, तिसऱ्या भरवशाच्या घरी ठेवतो असं साहेबाला सांगितलं तर ते ऐकतील. तिसरं घर कुठलं?

गिरजा माझ्याकडे बोट करून म्हणाली, "या बाईपाशी ठेवा."

वहिनी आतून म्हणाली, "कुणब्याची पोर आपल्या घरात? सोवळंओवळं कोण सांभाळणार? आणि उद्या लोक दारात भांडायला आले म्हणजे?" तिचंही खोटं नाही. घर तिचं. दादाचं. माझं फक्त स्वयंपाकघर, तेही त्यांनी दिलं तोवर.

मी पहिल्यांदाच म्हटलं, "वहिनी, मागच्या ओसरीवर राहील. मीही तिथेच निजेन. तुझ्या सोवळ्याला हात लागणार नाही."

संध्याकाळी मागच्या ओसरीवर एक जास्तीचं घोंगडं ठेवलेलं दिसलं.

पौष व. ११

गि. आणि महादू परत गेले, शेवटची वेचणी राहिली आहे. ते वेचायचा हक्क आता त्यांना आहे की नाही, दादालाही नक्की सांगता आलं नाही. "पोरीचं हाय ना वावर? मंग पोरीसाठी येचतो," गि. म्हणाली. पोरीला जवळ घेतलं नाही. डोक्यावरून हात फिरवला आणि भरभर चालायला लागली. महादू मात्र वळून वळून बघत होता.

तानी रडली नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावर मला म्हणाली, "सरकी हाय का काढाले?" तिला हाताला काम हवं होतं. शेंगदाणे सोलायला दिले.

माघ शु. ४

पोर कामाची आहे. बोलते आता थोडं. काका मारत नाही म्हणे, काकू बोलते. महादूला ती "महादू" म्हणते, दुसरं काही म्हण असं तिला कुणी सांगितलेलं नाही. "तो मले वावरात खांद्यावर घेते," एवढंच सांगितलं.

वहिनीने काल तिच्या केसांना तेल लावलं. मग आंघोळ केली.

माझी कंबर तशीच.

माघ शु. ८

उद्या पहाटे निघायचं. परवा-तेरवापर्यंत अकोला, मग संपतच्या अर्जाची तारीख. या वेळी मी स्वयंपाकाला म्हणून नाही. दादा म्हणाला, मुलीबरोबर बाईमाणूस लागेल, तू कचेरीत ये, दाराशी बस. बाबा असते तर... नाहीत.

दादाचा अंदाज, साहेब मुलीलाच विचारतील कुणाकडे राहायचं. तिने काय म्हणावं ते तिला शिकवून ठेव म्हणाला. मी शिकवलं नाही. महादूला दोनदा घोकवलेलं आठवत होतंच, पण ते कारण नाही. एवढ्याशा पोरीच्या तोंडात आणखी एकाने शब्द घालावेत असं वाटेना.

फक्त सांगितलं, "साहेब तुला विचारतील. तुला जे वाटतं ते सांग."

ती म्हणाली, "तुमाले इचारलं होतं कोनी? तुमच्या वक्ती?"

"नाही."

"अन् म्या सांगतलं तं सायेब आयकीन?"

मी म्हटलं, ठाऊक नाही, बाळ.

तिने मान हलवली, जसं काही हे तिला आधीच ठाऊक होतं, आणि आपलं लुगडं घडी करून गाठोड्यात घातलं. माझं आलवणही तिनेच घडी केलं.