बाहेरच्या तटाचे तीन दगड

रविवार, १४ डिसेंबर, अमळनेर

भरीत पार्टी झकास झाली, पण ते तीन दगड डोक्यातून जात नाहीत. पार्टी नानांच्या शेतात, भुईकोट किल्ल्याला लागून. शत्रूला आधीच अडवणारा खंदकाबाहेरचा तट कसा ढासळत गेला, हे मी सगळ्यांना रंगवून सांगत होतो. वळून पाहिलं, तर नानांनी त्याच तटाच्या तीन घडीव दगडांची चूल मांडून पुऱ्या तळायला घेतलेल्या! तेव्हाच का थांबवलं नाही? वास फार छान येत होता. नंतर मात्र पाणी मारून दगड परत ठेवायला लावले.

"तुना इतिहास ऱ्हाऊ दे भाऊ, भरीत थंडं व्हई ऱ्हायनं!" नाना ओरडले.

दगड काळे पडलेत. उद्या कोणी अभ्यासक इथे तोफा डागल्याचं लिहून बसेल. पुढच्या रविवारी घासायला जातो. नानाही येतो म्हणाले, वांगी घेऊन.