पिकअपचा एसी आणि माझी न सुटणारी गाठ

६ मे, शुक्रवार

पिकअपचा एसी बिघडला. बटण दाबलं की वारा येतो, पण तव्यावरून आल्यासारखा. बायको बाजारातून लालबुंद होऊन आली. म्हणाली, गाडी मेकॅनिककडे टाका. मी म्हटलं, मी असताना? ती म्हणाली, तुम्ही आहात म्हणूनच म्हणतेय.

काळजीचं कारण नाही. तिचा मोठा केक पुढच्या रविवारी पोचवायचाय. तीन मजली, सगळा क्रीमचा, शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या हॉलवर. हॉलवाल्या बाईंना पसंत पडला तर तिथल्या सगळ्या समारंभांचे केक हिच्याकडे. दुकानातली नोकरी सोडून ही घरी केक करायला लागली ती असल्याच एखाद्या ऑर्डरसाठी. खोका इतका उंच आहे की कुठल्या साध्या कारमध्ये मावत नाही. आपल्याच केबिनमध्ये, सीटवर, ताठ उभा राहतो. थोडक्यात, सगळं माझ्यावर आलंय. बरं वाटलं.

७ मे, शनिवार

ठराव: रोज सकाळी लवकर उठून एसीचं काम. ऊन नको, घाम नको.

उठलो नाही. भर उन्हात बॉनेट उघडलं. आधी सगळे फ्यूज तपासले. चांगले होते. तरी बदलले. कामाला सुरुवात तर झाली.

थंडीत केलेलं कामही जाता जाता बघून घेतलं. इंजिनातलं गरम पाणी केबिनच्या हीटरकडे नेणारा एक कॉक आहे, तो आपोआप बंद व्हायचा. मी तो पूर्ण उघडून हिच्या केकच्या खोक्यांवरच्या सोनेरी रिबनने बांधून टाकला होता. माझी खास गाठ. अजून जशीच्या तशी. स्वतःचंच कौतुक वाटलं.

हीच गाठ मी बायकोला खोक्यांसाठी शिकवली. खोका उघडतच नाही म्हणून गिऱ्हाइकांचे फोन यायचे. म्हणजे बघा.

८ मे, रविवार

मेहुणा आला. नवी कार घेऊन. म्हणाला, भावजी, आत बसून तर बघा, एसी आपला आपणच ठरवतो किती गार करायचं ते. बसलो नाही. मग जेवण होईपर्यंत बसलो. फार गार आहे. तब्येतीला चांगलं नाही.

तिथे बसल्या बसल्या निदान झालं. आपल्या गाडीतला गॅस संपलाय.

९ मे, सोमवार

गॅस भरायला एसीवाल्याकडे. त्याने घड्याळासारखं काहीतरी लावून बघितलं. म्हणाला, गॅस भरपूर आहे. काँप्रेसर चालतोय. एक नळी मला हात लावून बघायला लावली. बर्फासारखी गार. मग म्हणाला, गारवा तयार होतोय पण आत येईपर्यंत कुठेतरी वाया जातोय, गाडी ठेवून जा, हीटरच्या बाजूने बघावं लागेल.

मला हसूच आलं. या गाडीत ठणठणीत असलेली एकमेव गोष्ट म्हणजे हीटर. मी स्वतः केलाय. तसं त्याला सांगितलं आणि गाडी घेऊन आलो. हल्ली कामातलं कोणाला काही कळत नाही.

१० मे, मंगळवार

आता माझ्या पद्धतीने. रेडिएटरच्या पुढची जाळी धुळीने भरली होती. साफ केली. तिचे पातळ पत्रे वाकलेले होते, ते काट्याने एकेक करून सरळ केले. पाठीची वाट लागली, पण जाळी आरशासारखी झाली.

वारा अजून गरमच आहे. पण स्वच्छ आहे.

रात्री जेवताना बायकोने विचारलं, काटे कुठे गेले. शिवाय केकच्या भांड्याला तूप लावायचा तिचा ब्रश तिने गाडीच्या टपावर ओळखला. अशा घरात माणसाने दुरुस्ती करायची तरी कशी?

११ मे, बुधवार

डॅशबोर्ड खोलला. लेक कॉलेजला जाता जाता थांबली. म्हणाली, बाबा, परत लावता येतं ना? मी म्हटलं, पोरी, खोलता आलं की लावता येतंच.

१२ मे, गुरुवार

लावता येतं. पण दिवस जातो. थोडे स्क्रू उरले. बनवणारे उगाच जास्तीचे लावतात.

किरकोळ अडचण: एसीचं बटण दाबलं की वायपर सुरू होतात. एसी बंद केला की वायपर बंद. एका बटणात दोन कामं. लेक इतकी हसली की तिला फुटपाथवर बसावं लागलं. बायको हसली नाही.

१३ मे, शुक्रवार

चाचणी. बायकोने छोटा केक केला, वर क्रीमची गुलाबं. सीटवर ठेवला, मी बाजूला, ही गाडी चालवायला. आभाळ निरभ्र, वायपर जोरात. सिग्नलला शेजारच्या बसमधली माणसं वर बघून पाऊस शोधत होती. भाजीबाजार येईपर्यंत गुलाबं घसरून सीटवर आली. एक माझ्या मांडीवर.

मी म्हटलं, चवीला फरक पडत नाही. ती काहीच बोलली नाही. मला तिचं बोलणं परवडतं.

घरी येऊन ती ओट्याशी पाठ करून उभी राहिली. म्हणाली, उद्या संध्याकाळपर्यंत बघते, नाहीतर त्या बाईंना नाही म्हणून कळवते. मग म्हणाली, एकच तर मोठं काम मिळालं होतं हो. मला फार वाईट वाटलं. मांडीला चिकटलेलं गुलाब तेवढं खाऊन टाकलं.

१४ मे, शनिवार

ठराव: आज काहीही करून.

नवा प्लॅन: एसीचा नादच सोडायचा. केबिनमध्ये बर्फाच्या बादल्या, समोर टेबल फॅन, फॅनची वायर खिडकीतून... कुठे, ते ठरायचंय. लेक म्हणाली, वायर पुरेल तेवढंच जायचंय का हॉलपर्यंत? तिच्याकडे दुर्लक्ष करून बादल्या गोळा केल्या.

संध्याकाळी बायकोला खोक्यासाठी रिबन कमी पडली. थंडीपासून एक अख्खं रीळ हरवलंय, असं पुटपुटत होती. माझ्या तोंडून निघून गेलं की हरवलेलं नाही, गाडीत आहे, आणि काय पक्कं बसलंय! दाखवा म्हणाली. मी आनंदाने बॉनेट उघडलं. तिने बराच वेळ गाठीकडे बघितलं. मग विचारलं, ही नळी कसली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिने इंजिनात रस घेतला होता, म्हणून मीही सविस्तर सांगितलं. इंजिनातलं उकळतं पाणी इथून आत जातं, वारा त्याच्यावरून येतो, केबिन कशी मस्त ऊबदार होते.

तिने विचारलं, उन्हाळ्यातही?

मी म्हटलं, कॉकच बांधून ठेवलाय म्हटल्यावर बाराही महिने! माझी गाठ आहे ती.

ती आत गेली आणि कात्री घेऊन आली.

रिबन कापली. कॉक खटकन बंद झाला. इंजिन सुरू करून एसी लावला. वायपर लागले आणि आत असा गार वारा सुटला की लेक ओरडलीच. बायको स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होती. डोळे पुसत होती आणि हसत होती.

नोंद करून ठेवतो: मंगळवारी जाळी साफ केली, तिचा परिणाम शनिवारी दिसला. चांगल्या कामाला वेळ लागतो.

१५ मे, रविवार

केक पोचला. एक पाकळी हलली नाही. हॉलवाल्या बाईंनी हिला मिठी मारली आणि पुढच्या महिन्याचे सगळे केक सांगून टाकले. ही इतकी खूश झालेली मी किती दिवसांनी बघितली. कारण अर्थातच एसी.

एसी कसा चालतो ते मला सांगता येणार नाही. केबिनमध्ये ही, मध्ये खोका, पलीकडे खोका धरायला लेक. मी मागे हौद्यात, उन्हात, बर्फाच्या रिकाम्या बादल्यांबरोबर. केबिनच्या मागच्या काचेतून दोघी दिसत होत्या. लेकीने स्वेटर घातला होता.

१७ मे, मंगळवार

वायपरचं बघायचं ठरवलं. माझ्या अंदाजाने डॅशबोर्ड पुन्हा एकदा खोलावा लागेल. किरकोळ काम आहे.

टूलबॉक्स घ्यायला गेलो. त्याच्याभोवती सोनेरी रिबन. उभी, आडवी, चारी बाजूंनी, वर गाठ. नखाने बघितलं. दाताने बघितलं. उरलेल्या काट्याने बघितलं.

हिने अगदी बरोबर मारलीय. मीच शिकवली.

कात्री शोधली. ही ती सोबत घेऊन गेलीय. गाडीही घेऊन गेलीय, मेकॅनिककडे.