देहाने उठली

४ फेब्रुवारी
आलो एकदाचा! सामान म्हणजे दोन ट्रंका, छिन्न्यांची पिशवी आणि ही कोरी वही. दफनभूमीच्या भिंतीला लागूनच घर दिलंय. पुढे दगड कोरायला पत्र्याची शेड, मागे एक खोली आणि उजेडाचं स्वयंपाकघर. खिडकीतून सगळा शेजार दिसतो. भांडण नाही, तंटा नाही, कुणी साखर मागायला येत नाही. असा शेजार मिळायला नशीब लागतं.

नोकरी पाथरवटाची, पण मी आलोय ते दगडांसाठी नाही. आमचं सरकार, म्हणजे बायको, इथे आहे, मागच्या भिंतीजवळ. हे तिचं माहेर. माहेरी आली, आजारी पडली आणि माहेरचीच झाली. तिच्यावर अजून दगड नाही, नुसता मातीचा उंचवटा. तो दगड मी करणार. संध्याकाळी सासूबाई डबा घेऊन आल्या. दोघंही तिच्याबद्दल बोललो नाही, भाजीत मीठ कमी आहे यावरच बोललो.

९ फेब्रुवारी
चर्चचे पाळकसाहेब भेटले. उंच, सावकाश बोलणारा माणूस. इथे प्रत्येक दगडावर शेवटी त्याच दोन ओळी असतात: ‘येथे निजली. देहाने उठेल.’ बाप्या असेल तर ‘निजला’. ‘देहाने’ या शब्दावर साहेब अडून बसतात. म्हणाले, आत्मा राहतो असं सगळेच म्हणतात, आपली आशा त्याहून मोठी आहे. हेच हात, हेच पाय परत मिळतील. मी विचारलं, तिच्या मनगटावर इस्त्रीचा डाग होता, तोही येईल का. ते हसले. येईल म्हणाले, फक्त दुखणार नाही.

इतकं बरं वाटलं की घरी येऊन चहात दोनदा साखर घातली. तिचा आत्मा मी कधी पाहिला नव्हता. मला ते मनगट हवंय.

इथली आणखी एक रीत कळली. नवराबायकोचा दगड एकच असतो, एकाच तोंडावर शेजारी शेजारी दोघांच्या बाजू. मागे राहिलेल्याची बाजूही तेव्हाच कोरून ठेवतात, फक्त मृत्यूची तारीख मोकळी. म्हणजे माझी जागा पक्की झाली!

२१ फेब्रुवारी
आज दोन्ही बाजू पुऱ्या झाल्या. आधी कागदावर तिच्या ओळी काढल्या, त्यावरून माझ्या, मग दोन्ही दगडावर उतरवल्या. कोरताना सारखी ती आठवत होती. सरकार म्हणजे पक्की झोपाळू. सासूबाई राहायला आल्या की सकाळी बाहेरून विचारायच्या, उठली का? मी चहा गाळत सांगायचो, उठली, उठली. ती तोंडावर पांघरूण घेऊन आत हसत असायची. लग्न झाल्यापासून त्या आल्या की रोज हेच खोटं बोललो. डोळे भरून येत होते, पण हात बरोबर चालत होता.

२४ फेब्रुवारी
दगड उभा केला. कबरी खोदणारा कुदळ्या (सगळे त्याला याच नावाने हाक मारतात) मदतीला होता, आणखी तीन माणसं होती. सगळे गेल्यावर मी लांब उभा राहून वाचलं. ‘येथे निजली. देहाने उठली.’

उठली. उठेल नाही. आणि माझ्या बाजूला, त्याच कागदावरून उतरवलेलं, ‘उठला’.

कोरलेलं अक्षर बुजवता येत नाही, थर तासावा लागतो, आणि दगड पातळ आहे. सासूबाईंना सांगितलं तर त्या रागावल्या नाहीत. देवाच्या लेखी ती उठलेलीच आहे, राहू दे म्हणाल्या. मीही राहू दिलं.

२६ फेब्रुवारी
भर दुपारी शेडमधून पाणी प्यायला घरात आलो. ती स्वयंपाकघरात उभी होती. केसांत माती. मनगटावर डाग.

मी ओरडलो नाही. तिचे पाय धरले आणि रडलो. आनंदाने रडलो, हे इथे लिहून ठेवतो. पाय गार होते.

२७ फेब्रुवारी
सासूबाईंनी तिला न्हाऊ घातलं, वेणी घातली. भरवलेला घास तोंडातून तसाच खाली पडतो. आपली पोर दमली आहे, असं सासूबाई म्हणतात. ती आमच्याकडे बघत नाही. कुठेच बघत नाही.

पलंगावर निजवलं की ती उठते. पुन्हा निजवलं, पुन्हा उठली. पाय खाली टेकते, उभी राहते, संपलं. बसत नाही, चालत नाही. उठते, एवढंच. दगडावर जेवढं लिहिलंय तेवढंच.

पाळकसाहेब आले, दारातूनच पाहिलं. हे ते नव्हे म्हणाले. मग ते कसं असतं, असं मी विचारलं. त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि फाटकाकडे चालू लागले.

१ मार्च
खोकला धरलाय. छातीत घरघर.

आज तिच्या कानाशी वाकून पूर्वीसारखं विचारलं, उठली का? तिचे डोळे पहिल्यांदा माझ्याकडे वळले. त्यात खोल, फार खोल, कुणीतरी होतं. पडलेलं. विहिरीच्या तळाशी पडल्यासारखं. ती उठलेलीच नाही! देह तेवढा उठलाय, आणि ती आत — सगळं तिला कळतंय —

माझ्याच्याने बघवेना. तोंड फिरवलं.

२ मार्च
दगडावरची तिची ओळ तासून टाकणार म्हणालो. सासूबाईंनी पाय धरले. तो शब्द गेला तर ती शेवटच्या दिवशीही उठायची नाही, तिची आशाच पुसू नका म्हणाल्या. मला कळत नव्हतं का? मी म्हणालो, तिला निजू दे.

तासलं. ‘देहाने’ गेलं, ‘उठली’ गेलं. घरातून धप्पकन आवाज आला.

कुदळ्याने आणि मी तिला परत पुरलं. आता तिथे फक्त ‘येथे निजली’. पुढे काही नाही. मीच ते पुसलं.

३ मार्च
तासताना दगड पायाशी तडकला होता. आज आडवा झाला, तोंड मातीत. माझी बाजू खाली —

४ मार्च
ताप. थुंकीत रक्त. माझी ओळ अजून तशीच आहे, तिची तासताना ती सुचलीच नाही. मी मेलो तर —

चार माणसं लागतात तो उलटायला. कुदळ्या गाव सोडून गेला. बाकीचे तिघे, ती उठल्याचं कळल्यापासून, फाटकात पाऊल टाकत नाहीत. पाळकसाहेबांचं दार बंद. बोटांनी माती उकरली, खाली छिन्नी घालून पाहिली, अक्षरापर्यंत पोचत नाही.

६ मार्च
सासूबाईंना म्हटलं, माणसं आणा, हाता-पाया पडून आणा. त्या जाऊन दगडावरच बसल्या. म्हणाल्या, एक तरी उठू दे. मी मारलं असतं त्यांना. उभंच राहवत नाही —

७ मार्च
श्वास पुरत नाही. सरकार, मी ते —

८ मार्च
सकाळ झाली. खोकला थांबलाय. घरघर नाही. श्वासही —

सासूबाई बाहेरून विचारतायत, उठलात का. नाही. मी पडूनच —

पाय खाली टेकले. मी नाही टेकवले. हात वहीवर चालतोय, सवयीने, मी फक्त बघतोय — सासूबाई दारात, हात जोडून रडतायत, उठले, उठले म्हणतायत — नाही हो, मी इथे आहे, आत, तळाशी, सरकारही अशीच आत पड