चाकातलं औषध

३ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा पंक्चर! मागचं चाक. कालव्याच्या रस्त्यावर, बरोबर मधोमध — ना मागे दुकान, ना पुढे. सायकल हातात धरून चालत आले. घरी पोहोचायला सात चाळीस झाले.

दारात धाकट्या भाऊजींच्या चपला. हे गेल्यापासून ते अधूनमधून आईंना बघायला येतात. नेमके आजच यायचे होते! आई — माझ्या सासूबाई — उपाशी बसलेल्या. त्यांचं साखरेचं इंजेक्शन साडेसहाला, मग अर्ध्या तासाने जेवण. आधी हे द्यायचे, आता चार महिने मी देते. आईंचे हात थरथरतात. भाऊजींना सुई बघूनच घेरी येते.

भाऊजी ओरडले नाहीत. हळू बोलले. ते जास्त लागलं. "वहिनी, तुमचा दोष नाही. पण हे असं चालणार नाही. आईला मी घेऊन जातो, टोचायला तिकडे नर्स लावतो."

आई म्हणाल्या, "मी काय कपाट आहे का, उचललं आणि नेलं?"

४ नोव्हेंबर

ठरलं. एक महिना. भाऊजी रोज साडेसहाला घरी फोन करणार, तो मी उचलायचा. एकदा जरी चुकलं तर आईंचं सामान बांधायचं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पूल दुरुस्तीला काढलाय. बसने वळसा घालून सव्वा तास लागतो. कालव्याच्या कडेने सायकलवर पस्तीस मिनिटं. पण दोन्ही बाजूंना बाभळी. तीन आठवड्यांत हे पाचवं पंक्चर. हे असताना दर रविवारी माझ्या सायकलची चाकं तपासून काटे काढून ठेवायचे. त्या रस्त्यावर काटे असतात हेच मला कधी कळलं नाही.

आई तिकडे गेल्या तर यांना 'तो' म्हणणारं या घरात कोणी उरणार नाही.

५ नोव्हेंबर

सायकलवाल्या काकांनी ट्यूब बाहेर काढली आणि दोन्ही हातांत पसरून धरली. "ताई, ही ट्यूब आहे की गोधडी?"

नवी घ्या म्हणाले. नको म्हटलं. त्या ट्यूबवरची सहा ठिगळं यांनी लावलेली. कडा गोल कापलेल्या. हे काकांना सांगितलं नाही.

आमच्या चष्म्याच्या कारखान्यातल्या पहारेकऱ्याने एक औषध सांगितलं होतं — चाकात ओतायचं, काटा घुसला की भोक आतून आपोआप बुजतं. जुनी बारीक गळतीही थांबते म्हणे. काकांना विचारलं. "घाला की! आणि मी इथे बसून माश्या मारतो." पण किती घालायचं ते नीट सांगितलं. एका चाकाला अर्धी वाटी.

६ नोव्हेंबर

सहा बावीस. फोन उचलला. काटा नाही, नशीब.

९ नोव्हेंबर, रविवार

बाटली आणली. हिरवं औषध. अंगणात सायकल उलटी केली. आईंनी चाक धरलं. व्हॉल्व्ह उघडला तशी हवा फुस्सकन गेली. क्षणभर हात थांबला — यातली थोडी तरी यांनी भरलेली असेल का? नसणार. चार महिन्यांत मीच दहादा भरली. तरी थांबला.

खोकल्याच्या औषधाच्या मापाने मोजून ओतलं. मग पंप लावला आणि चुकलेच. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवायचा, मी खाली ठेवला. औषध उसळून थेट माझ्या तोंडावर!

आई हसल्या. केवढ्याने! "अगं, पंक्चर चाकाला झालंय की तुझ्या तोंडाला?" चार महिन्यांत पहिल्यांदा ऐकलं ते हसू.

१२ नोव्हेंबर, बुधवार

फसले. काटा घुसला, हिरवं पाणी गळत राहिलं, भोक काही बुजेना. हवा भर, दहा मिनिटं पळ, पुन्हा हवा भर. घरी सहा पन्नास.

संपलं सगळं असं वाटलं. पण आई शांत. फोन येऊन गेला होता. "त्याला सांगितलं, ती हातपाय धुतेय. आता ओल्या हातांनी फोन उचलायचा का तिने?"

मला खोटं आवडत नाही. पण इंजेक्शन दिलं आणि भाऊजींना फोन लावला. मागून आईंचा सल्ला — "जरा ओल्या आवाजात बोल." मी फक्त "आलेय घरी" एवढंच म्हटलं. गप्प राहणं मला जमतं.

१३ नोव्हेंबर

मूर्ख! मूर्ख! मूर्ख!

बारा वर्षं चष्म्याच्या काचा घासते. पॉलिशची पावडर पाण्यात तळाला बसते, म्हणून दर दोन मिनिटांनी ढवळायची. नव्या मुलींना पहिल्या दिवशी मीच हे शिकवते. आज पॉलिश ढवळता ढवळता हात थांबला. घरी येऊन बाटली उजेडात धरली — तळाशी दोन बोटं गाळ! भोक बुजवणारा सगळा माल बाटलीतच, आणि चाकात नुसतं पाणी. मी बाटली हलवलीच नव्हती.

आईंना सांगितलं. "म्हणजे आमटी खाली आणि पाणी वाढलंस!"

१४ नोव्हेंबर

बाटली शंभर वेळा हलवली. आई मोजत होत्या. जुनं पाणी काढून नवं ओतलं. लगेच दोन फेऱ्या मारून आले, आत सगळीकडे बसावं म्हणून.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

जमलं!!

कालव्यावर मागच्या चाकातून टक-टक आवाज. उतरून बघते तर बोटाच्या पेराएवढा काटा. उपटला. सुस्स! भोक खाली येईल असं चाक फिरवलं. एक हिरवा थेंब. दुसरा. मग सुस्स बारीक झालं. मग नाही. कान लावला. काहीच नाही!

रस्त्यावर कोणी नव्हतं. मी मोठ्याने "हो!" म्हणाले. मी! बाभळीवरचे पक्षी उडाले.

सहा चोवीस.

२१ नोव्हेंबर

आता रोज आल्यावर आई चाकांवरून बोट फिरवतात आणि काटे उपटतात. आजचे सात. "तुझी सायकल आहे की साळिंदर?" काटे एका डबीत टाकतात. भाऊजींना दाखवणार आहेत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

काच. फुटलेल्या बाटलीची. काटा नव्हे — चांगली चीर. औषध कारंज्यासारखं उडालं. घड्याळात सहा पाच.

घाबरले नाही. याचंच आश्चर्य वाटलं. चीर खाली केली, अंगठा दाबून धरला. शंभरपर्यंत मोजलं. सोडला — गळतंय. पुन्हा शंभर. हळूहळू दाट होत गेलं, दुधावरच्या सायीसारखं. मग पंप काढला, थोडीच हवा भरली आणि निघाले. चाक जड, मी उभी राहून पायडल मारतेय. घाम.

दारातून आत शिरले आणि फोन वाजला. उचलला. "वहिनी, धाप लागलीय का?"

"नाही," म्हटलं. "आनंद झालाय."

भाऊजींनी माझ्या तोंडून हा शब्द बऱ्याच दिवसांत ऐकला नसावा. मीही.

२८ नोव्हेंबर

चीर अजून बंद! काकांना मुद्दाम दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "ताई, बाटली कुठून आणलीत म्हणालात?"

४ डिसेंबर, गुरुवार

महिना झाला! भाऊजी स्वतः आले, सव्वासहाला, चहासुद्धा न घेता दारात घड्याळ बघत उभे. मी सहा तेवीसला फाटकातून आत. घंटी वाजवली — गरज नसताना!

आईंनी काट्यांची डबी त्यांच्या हातात ठेवली. "मोज." ते खरंच मोजायला बसले. त्र्याऐंशी. मग म्हणाले, "दादा असता तर..." आणि थांबले. आई म्हणाल्या, "तो असता तर रविवारीच काढून टाकले असते, हिला कळूसुद्धा दिलं नसतं." भाऊजींनी डबीचं झाकण लावलं.

मग मीच सांगितलं. बारा तारखेचं, ओल्या हातांचं. भाऊजींनी आधी आईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. "त्या दिवशी नळाचा आवाज येत नव्हता, वहिनी. मला तेव्हाच कळलं होतं."

आई इथेच राहणार. जाताना भाऊजींनी उरलेलं औषध मागितलं, त्यांच्या सायकलसाठी. दिलं. "हलवून घाला," म्हटलं. दोनदा.

९ डिसेंबर, मंगळवार

आज चेन तुटली. चाकं ठणठणीत! चालत आले, सव्वासात. खिडकीतून दिसलं — आईंनी इंजेक्शन भरलं, उजेडात धरून बुडबुडा टिचकीने वर काढला आणि पोटाला टोचलं. हात जराही थरथरला नाही.

मी दारात उभी. त्यांनी वळून पाहिलं. दचकल्या नाहीत.

"कधीपासून येतं?"

"तो गेला त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून शिकले. पण तेव्हा तू रोज आठ-आठ वाजेपर्यंत कारखान्यातच बसून राहायचीस. घरी यायला तुला काहीतरी कारण हवं होतं."

उद्यापासून त्या स्वतःच टोचून घेणार आहेत. मी तरीही सहा पंचवीसच्या आत येणार.