कूस बदलल्याच्या सह्या

मी, लालासाहेब बळवंत यादव, वय ७९, निवृत्त हवालदार, मूळ राहणार कडेगाव, सध्या मुक्काम कराडजवळ माझ्याच जागेत चालणारा वृद्धाश्रम, हा कागद कोणाच्याही दबावाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. खुबा मोडला आहे, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे.

१. पुतण्या ऋषिराज याने मागच्या वर्षी माझ्याकडून करून घेतलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात आश्रमाची जागा व इमारत त्याला दिली होती. जागा मी फौजेच्या कमाईतून घेतलेली, आश्रम चालवतो तो. त्याचे लक्ष जागेवर होते, माणसांवर कधीच नव्हते.

२. कारण लिहून ठेवतो. माझ्या शेजारच्या कॉटवर लियाकत मुल्ला होता. चाळीस वर्षे शिवणकाम केलेला माणूस, अर्धांगाने एक बाजू गेलेली. अशा माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठ सडते. फौजेच्या दवाखान्यात मी बावीस वर्षे तेच केले. इथेही कॉटला त्यासाठी तक्ता टांगलेला. पण ऋषिराजने कामाच्या दोन बायका कमी केल्या आणि सकाळच्या चहाबरोबर दिवसभराच्या सह्या स्वतःच ठोकू लागला.

"लालासाब, पाठ पेटलीया वो," लियाकत म्हणायचा. मी ऋषिराजला सांगितले. तो म्हणाला, "आबा, सही हाय न्हवं? मग वळवलंय की. तुमी आता हवालदार न्हाई."

मी गप्प बसलो. मला दूध गरम मिळत होते, गादी हवेची होती. याची मला लाज वाटते, आणि ती या कागदावर राहू दे.

मंगळवारी, ७ ऑक्टोबरला, सकाळी नऊ वाजता लियाकत गेला. पाठीला मूठ जाईल एवढी जखम. दुपारी दफनही झाले. तक्त्यावर मात्र त्याची कूस संध्याकाळी सहापर्यंत बदललेली आहे, ऋषिराजच्या सहीने. तो तक्ता मी काढून वकिलांकडे दिला आहे.

३. आश्रमाची जागा व इमारत लियाकतची मुलगी शबाना हिला देतो. ती कराडात एका दवाखान्यात आया आहे. दर रविवारी बापाला भेटायला यायची आणि न सांगता बाकीच्यांच्याही कुशी बदलून जायची. उरलेल्या अकरा जणांना तिने शेवटपर्यंत सांभाळावे. माझी हवेची गादी ज्याची पाठ सर्वांत वाईट त्याला.

४. ऋषिराजचा बाप, माझा धाकटा भाऊ आप्पासो, याला काही नाही. लियाकतच्या जखमेचा वास आला तसा तो नाकाला रुमाल लावून दारातूनच परत फिरला. पोराला एका शब्दाने बोलला नाही. त्याला तो रुमाल पुरे.

५. कडेगावचे घर ऋषिराजला, पण अटीवर. नाही पाळली तर तेही शबानाचे. त्याने लियाकतच्याच कॉटवर, त्याच गादीवर, सात दिवस उताणे पडून राहावे. पाठ पेटली तर खुशाल हाका माराव्यात. कोणी येण्याची गरज नाही. सात दिवसांचा तक्ता सोबत जोडला आहे. त्याची कूस दर दोन तासांनी बदलल्याच्या चौऱ्याऐंशी सह्या मी आजच करून ठेवल्या आहेत.

लालासाहेब बळवंत यादव (सही)

वरील सही लालासाहेबांनी आम्हा दोघांसमोर केली व आम्ही त्यांच्यासमोर केल्या. आमच्यापैकी कोणीही आधी करून ठेवलेली नाही.

साक्षीदार:
१. डॉ. सुमैरा इनामदार (सही)
२. नाथाजी शंकर पवार, रुग्णवाहिका चालक (सही)

स्थळ: कराड
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५